हलक्या हाताचा सोनार

जे आजवर कोणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही, ते आधी सांगून टाकतो. नाहीतर नेहमीप्रमाणे ओठांपर्यंत येईल आणि मी ते गिळून टाकीन. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या कितीतरी आयांनी ज्या हलक्या हाताच्या भरवशावर आपली बाळं माझ्याकडे कान टोचायला आणली, तो हात हलका नाही. कधीच नव्हता. आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मी सोनार. दुकान उल्हासनगरात, विठ्ठलवाडीच्या बाजूला. घर बदलापुरात, बेलवलीला. दुकानाच्या आजूबाजूला सगळी सिंधी मंडळी: कपड्यांची, पडद्यांची, फरसाणाची दुकानं. त्यांच्यामध्ये माझं दुकान म्हणजे दोन साड्यांच्या घडीत चुकून राहिलेला हातरुमाल. नवे दागिने लोक मोठ्या पेढीत घेतात. माझ्याकडे येतं ते तुटलेलं, वाकलेलं, झिजलेलं. मंगळसूत्राची वाटी चेपली, पैंजणाची कडी निसटली, सासूची पाटली सुनेच्या मनगटात जात नाही आणि सासूला त्याचा आनंद झालाय. आणि येतात बाळं.

बाहेरच्यांना वाटतं तितकं कान टोचणं साधं नाही. सोन्याची बारीक तार घ्यायची, तिचं टोक कानशीनं घासून सुईसारखं करायचं. पाळीवर कुंकवाचा ठिपका द्यायचा आणि दोन्ही कानांचे ठिपके सारखे आहेत, हे आजीकडून मंजूर करून घ्यायचं. कोणतीही आजी पहिल्या ठिपक्याला मंजुरी देत नाही. पुसून पुन्हा अगदी तिथेच दिला की म्हणते, "हां, आत्ता बरोबर आला." मग बाळ मामाच्या मांडीवर, तार आरपार, चिमट्यानं पीळ देऊन कडी, वर खोबरेल आणि हळद. झालं.

खरी परीक्षा दुसऱ्या कानाची. पहिल्या कानाला बाळ गाफील असतं. दुसऱ्या कानाच्या वेळेला त्याला तुमची ओळख पटलेली असते. शिवाय टोचल्या टोचल्या बाळ रडत नाही. आधी तोंड उघडतं, चेहरा लाल होतो, आवाज मागून येतो. त्या मधल्या क्षणात सोनारानं कडी पिळून घ्यायची असते. माझ्या वडिलांना, अण्णांना, तेवढा क्षण पुरायचा. मला चार बाळांचे क्षण जोडून दिले असते तरी पुरले नसते.

अण्णा हे ओळखून होते. "तुझा हात जड आहे," ते म्हणायचे. "तुटलेल्या सांध्याला डाग दे, तार ओढ, काय वाटेल ते कर. पण जिवंत कातडीला हात लावू नकोस." अण्णा गेले आणि कातडी माझ्याकडे आली. माझ्या दुकानातलं रडणं चौकातल्या भजीवाल्यापर्यंत जायचं. शेजारी हसूमल म्हणून लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान चालवणारे गृहस्थ आहेत. ते एकदा गल्ला उघडा टाकून धावत आले. "साईं, कान टोचतोस की हलाल करतोस? मेरा गिराक झबला फेकके भाग गया!"

बायको, सुनीता, त्यांच्याहून स्पष्ट. माझ्या हाताचा विषय निघाला की म्हणते, "हे डोक्याला तेल लावून देतात तेव्हा मी मानेचे मणके मोजून घेते."

अशा काळात चिखलोलीहून हिराबाय आली.

चिखलोलीत आता इमारती उभ्या आहेत आणि नव्या स्टेशनचं नाव घेऊन फ्लॅट विकले जातात, पण तेव्हा तिथे हिराबायच्या घरचा भात पिकायचा. ती शेतावर राबलेली बाई, आवाज बांधावरून बांधावर जाणारा. सोबत मुलगा जयेश, सून वैशाली, वैशालीचा भाऊ मंगेश, आणि दुपट्यात बारा दिवसांची नात, चैताली. ही वैशाली म्हणजे हिराबायच्या सख्ख्या भावाची मुलगी, जयेशच्या मामाची पोर. हे त्या वेळी मी ऐकलं आणि सोडून दिलं. असली लग्नं आपल्याकडे काही नवी नाहीत.

मामा मंगेश कबड्डीचा गडी. दंड असे की माझ्या दुकानाच्या दारातून तो तिरका आत आला. मांडीवर दुपटं घेऊन बसला आणि म्हणाला, "सोनारदादा, बिनधास्त टोचा. आपन घाबरत नाय."

उजवा कान टोचला. तोंड उघडायची वाट बघत मी घाईघाईनं कडी पिळली. तोंड उघडलं नाही. मी थांबलो. आवाज मागून येईल म्हणून सगळे थांबले. हसूमलसुद्धा कानावर हात ठेवून दारात उभे होते. काही नाही. चैतालीनं जांभई दिली.

"अगो बाय!" हिराबाय ओरडली. "पोरीनी हू का चू केला नाय! काय हात हाय का कापूस?"

मला आयुष्यात प्रथमच कोणी कापूस म्हटलं होतं. मी फुगलो. त्याच तोऱ्यात डाव्या कानाला तार लावली, आणि नेमकं तेव्हा मंगेशमामाला उजव्या कानावरचा रक्ताचा थेंब दिसला. थेंब मोहरीएवढा. मामा आधी पांढरा झाला, मग म्हणाला, "जरा वारा..." आणि बाळासकट आडवा होऊ लागला.

बाळ मी धरलं, पण धरताना हात निसटला आणि तार गेली ती पाळीच्या पार खालच्या कडेला. तिथं भोक ठेवलं तर मोठेपणी झुमक्याच्या वजनानं पाळी फाटते. सगळं दुकान मामाच्या मागे लागलं होतं. जयेश चपलेचा वास देत होता, हसूमल नव्या टॉवेलनं वारा घालत होते (तो टॉवेल नंतर त्यांनी नवाच म्हणून विकला), वैशाली 'दादा, दादा' करत होती आणि हिराबाय बेशुद्ध माणसाला रागं भरत होती, "ऊठ रं मेल्या! दोन वेलचा मटन खातं आन थेंबाला भितं!"

माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मी तार मागे ओढली आणि वरच्या बाजूला पुन्हा टोचली. एका कानात दोन भोकं, माझ्यासारख्याच्या हातानं, बारा दिवसांच्या जिवाला. आणि ते बाळ माझ्या मांडीवर पडून माझ्याकडे बघत होतं. डोळे टक्क उघडे. भुवईसुद्धा हलली नाही.

 हात कितीही हलका असो, अण्णांचा असो की देवाचा, इतका हलका हात नसतो. या बाळाचं काहीतरी वेगळं आहे, हे मला स्वच्छ कळलं. मी खालच्या भोकावर हळदीचा लपका दिला. मामा शुद्धीवर आला. हिराबायनं बाळ उचललं आणि रस्त्यावर जाऊन गर्जना केली, "दोनी कान टोचलं, पोरगी रल्लीच नाय! असा हलका हात मी बगला नाय!"

मला एवढंच म्हणायचं होतं, 'हिराबाय, एकदा डॉक्टरला दाखवा.' तोंडातून निघालं, "सगळी अण्णांची पुण्याई."

पुढचं फार लाजिरवाणं आहे, पण हसू येण्यासारखंही आहे. मला हलका हात आला नाही. हलक्या हाताचं नाव आलं. आणि नावानं जे होतं ते हातानं होत नाही. माझ्या हाताखाली बाळं पूर्वीइतकीच ठणाणा करत होती, पण आता दोष फिरला. पूर्वी बाळ रडलं की आजी माझ्याकडे बघायची. आता आजी सुनेकडे बघू लागली. "एवढ्या हलक्या हाताला रडतंय, म्हणजे रडकंच आहे मेलं. आईवर गेलंय." आया माझी माफी मागायच्या. एका बदलापूरच्या बँकेतल्या बाईंनी तर घरी गेल्यावर फोन केला, "सॉरी हं, आज त्याचा मूडच नव्हता." हसूमलच्या नातवानं माझ्या शर्टावर मुतून, लाथ मारून आकांत केला, तर हसूमलनी जाहीर केलं, "ये हमारा खून नहीं, ये बहू के मायकेवालों का आवाज है."

त्यांनीच मग पाटी रंगवून आणली. 'न रडवता कान टोचून मिळतील.' मी म्हटलं, नको. म्हणाले, "साईं, धंदे में शरम किया तो घर में उपवास करना पडेगा." पाटी लागली.

नाकं टोचून घ्यायला कॉलेजच्या मुली येऊ लागल्या. एक रिटायर्ड फॅक्टरी ऑफिसर आले, टाय लावून. साठीनंतर भिकबाळी घालायची त्यांची लहानपणापासूनची इच्छा होती. तार आत जाताच त्यांनी माझ्या तीर्थरूपांचा उद्धार केला आणि मग डोळे पुसत म्हणाले, "वा! काहीच दुखलं नाही." पाटीवर लिहिलेलं होतं ना! माणूस स्वतःच्या कानापेक्षा पाटीवर जास्त विश्वास ठेवतो.

चैताली मात्र माझ्या डोळ्यांपुढेच वाढली. घरातलं काही ना काही डागायला, जोडायला हिराबाय माझ्याकडेच यायची आणि नातीला बरोबर आणायची. मला तर ती आपली जाहिरातच वाटायची, हेही लिहून टाकतो. गिऱ्हाईक बसलेलं असलं की मी म्हणायचो, "ही बघा, ही रडली नव्हती." मुलगी ऐटीत कान दाखवायची. डाव्या पाळीच्या कडेला तिळाएवढा डाग होता. तो फक्त मला दिसायचा.

दात आले तेव्हा तिच्या बोटांची टोकं कुरतडलेली दिसली, जीभ चावलेली. हिराबाय म्हणाली, "दात शिवशिवतात पोरीचं." पुढे दंडावर भाजल्याचा चट्टा दिसला, सायलेन्सरला टेकून उभी राहिली होती, वास आला तो शेजारणीला. लसीचं इंजेक्शन घेताना ही नर्सकडे बघून हसायची, म्हणून दवाखान्यात हिचं नाव 'गुणी बाळ'. जयेश सांगायचा, "पडली तरी उठून पलते. वाघीन हाय." मंगेशमामा तर कढईतनं काढलेला वडा तिच्या हातावर ठेवून मित्रांना दाखवायचा आणि स्वतः मात्र फुंकर मारून खायचा. कोणाचं चुकलं म्हणू? न रडणारं मूल कोणाला नको असतं? सगळ्यांनाच तिचं कौतुक होतं. फरक एवढाच की त्यांना माहीत नव्हतं आणि मला होतं.

एक प्रसंग तर अगदी दुकानातला. दागिना उजळायला आम्ही तेजाब वापरतो. त्याची वाफ नाकात गेली की डोक्याला झिणझिण्या येतात. एकदा माझ्याकडून भांडं कलंडलं. मी, हिराबाय, गिऱ्हाईक, सगळे खोकत रस्त्यावर. चैताली आत स्टुलावर बसून बिस्किट खात होती. "काय झाला? सगली पलालात कशाला?" तिला वाससुद्धा येत नव्हता. हसूमल म्हणाले, "इथल्या केमिकलच्या नाल्याच्या काठी राहायला हिच्याइतकी लायक पोरगी सगळ्या उल्हासनगरात नाही. इसको तो नाले का इन्स्पेक्टर बना दो." सगळे हसले. मीही हसलो. हसत हसतच तिला उचलून बाहेर आणलं.

का बोललो नाही? फार विचार केलाय यावर. पाटीसाठी, हे खरं उत्तर. पण आणखी एक आहे. बोलायचं तर 'तुम्हाला कसं कळलं' हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर त्या दुसऱ्या भोकात होतं. जितका उशीर झाला तितकं ते भोक मोठं होत गेलं.

चैताली सहा वर्षांची झाली आणि तिला भाऊ झाला. ओम. हिराबाय निरोप द्यायला स्वतः आली. "तयारीत रहा, दादा. आमची पोरा रडत नसतात."

माझी झोप उडाली. हाही न रडला तर? मी टाळाटाळ सुरू केली. आधी म्हणालो तार संपली. मग म्हणालो अमावास्या आहे. हिराबायनं कॅलेंडर आणून दाखवलं. मग म्हणालो मुलग्यांचे कान हल्ली नाही टोचले तरी चालतात. "आन तुमचं?" तिनं विचारलं. माझ्या दोन्ही कानांना भोकं आहेत, अण्णांच्या हातची.

शेवटी ते आले. नुसतं घर नव्हे, अर्धं गाव आलं. न रडणारं खानदान बघायला हसूमलनी आपली चार गिऱ्हाइकंही आणून उभी केली. मंगेशमामा या खेपेला डोळे घट्ट मिटून बसला आणि दोन पोरांनी त्याला मागून धरलं होतं.  उभ्या जन्मात मी देवाकडे दागिन्याला डाग नीट बसू दे यापलीकडे काही मागितलेलं नाही. त्या दिवशी मागितलं: हा रडू दे. पाटी जाऊ दे, नाव जाऊ दे, भजीवाल्यापर्यंत आवाज जाऊ दे, पण हा रडू दे.

उजव्या कानात तार गेली. शांतता. ओम माझ्याकडे बघत होता. डोळे टक्क उघडे, अगदी तसेच.  कडी पिळायची शुद्ध राहिली नाही.

मग तोंड उघडलं. चेहरा लाल झाला. आणि जो आवाज निघाला!

"रडला!" मी ओरडलो. "हिराबाय, रडला! रडला हो!" मी स्टुलावरून उठून हसूमलना मिठी मारली. त्यांना वाटलं मला झटका आला; ते माझी पाठ चोळू लागले. ओम किंचाळत होता, मी नाचत होतो. डावा कान टोचला तर तो त्याहून मोठ्यानं रडला आणि मी अक्षरशः टाळी वाजवली.

हिराबायचा चेहरा उतरला होता. "बईनीवर नाय गेला," ती म्हणाली. गावकरी हिरमुसले. कोणीतरी म्हणालं, "आता सोनारदादाचा हातपन पयल्यासारका रायला नाय."

एवढ्यात चैताली गर्दीतून पुढे आली, लंगडत, पण मजेत. भावाकडे वाकून बघितलं आणि मला विचारलं, "काका, ह्याला काय झाला?"

"कान टोचला ना, दुखलं त्याला."

"दुकला म्हंजे कसा होतं?"

सगळे खो खो हसले. मला हसू आलं नाही. सहा वर्षांची मुलगी खरंच विचारत होती. मी खाली बघितलं. तिचा डावा घोटा सुजून नारळासारखा झाला होता, पाऊल आतल्या बाजूला वळलेलं. विचारलं तर जयेश म्हणाला, "पाडवा झाल्यावर पडली होती. खेलते ना, बरा होईल." म्हणजे कितीतरी दिवस ती मोडक्या पायावर उड्या मारत होती.

"हिराबाय," मी म्हणालो, "ही शूर नाही. हिला दुखतच नाही. उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात न्या."

 हिराबायनं विचारलं, "तुमाला कसा कललं?"

हा तो प्रश्न. मी तोंड उघडलं, आणि ओमसारखाच माझाही आवाज मागे राहिला. फरक एवढाच की त्याचा आला. माझा आला तो भलताच. मी म्हणालो, "पायावरून."

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. 'सोनारदादा संगती पायजेत' म्हणून मलाही नेलं. तपासण्या झाल्या, रक्त बाहेर पाठवलं, बरेच दिवस गेले. डॉक्टरीण तरुण होती, समजावून सांगायची तिला हौस होती. ती म्हणाली, अंगात दुखण्याची खबर मेंदूला पोचवणाऱ्या नसा असतात. हिच्या नसा ती खबर देतच नाहीत. स्पर्श कळतो, गुदगुल्या कळतात, पण दुखणं नाही, वासही नाही. हे जन्मापासूनचं आहे आणि आईबापांकडून आलंय. दोघांकडे एकेक बिघडलेला धागा असतो, पण जोडीला एक चांगला असतो म्हणून त्यांना काहीच होत नाही. मुलात दोन्हीकडचे बिघडलेले एकत्र आले की असं होतं. नात्यातल्या लग्नात तसं होण्याची शक्यता वाढते, होतंच असं नाही. ओम त्यातून सुटला.

"दुखत नाही ते बराच की," मंगेशमामा म्हणाला. डॉक्टरीण त्याच्याकडे शांतपणे बघत म्हणाली, "तुमच्या घराला आग लागली आणि कोणी ओरडलंच नाही, तर बरं का?" मामा खाली बसला. या वेळी चक्कर नव्हती.

मग ती म्हणाली, "यावर औषध नाही, पण जपता येतं. बाळपणीच कळलं असतं तर घोटा वाचवता आला असता. लहानपणी सुई टोचल्यावर ही रडली नाही, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं?"

 हिराबाय माझ्याकडे बोट करून म्हणाली, "कान टोचलं तवा रल्ली नाय. पन ते ह्यांचा हात हलका ना!"

डॉक्टरणीनं माझ्या हाताकडे बघितलं. मी हात खिशात घातला.

"पण शेवटी तुम्हीच ओळखलंत," ती म्हणाली. "फार बारकाईनं पाहिलंत."

परतीच्या वाटेवर हिराबाय प्रथमच हळू आवाजात बोलली. "मीच आनली भावाची पोर. घरातली म्हनून आनली. माजाच चुकला." वैशाली तिचा हात धरून रडत होती. त्या म्हातारीच्या बाजूला बसून मी खिडकीबाहेर बघत होतो. तिची चूक नव्हतीच. आणि तिच्याच शेजारी ज्याची चूक होती तो बसला होता.

यावर कहर म्हणजे सत्कार. चिखलोलीच्या देवळात मंडप घातला. 'डॉक्टरांना कळले नाही ते सोनाराने ओळखले' असा बॅनर, त्यावर माझा फोटो, शेजारी का कोण जाणे मंगेशमामाचा त्याहून मोठा फोटो. शाल, श्रीफळ. हिराबाय माईकवर म्हणाली, "सोनारानीच कान टोचावं म्हंतात, ते काय खोटा नाय." टाळ्या झाल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोनच बोललो, "आभारी आहे." विनयशील माणूस म्हणून पुन्हा टाळ्या. घरी आल्यावर सुनीतानं शाल घडी करता करता विचारलं, "तुम्हाला खरंच पायावरून कळलं?" मी म्हटलं, "जेवायला वाढ." तिनं वाढलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. ते मला जास्त लागलं.

शाल मी वापरलेली नाही. पाटी मात्र त्याच आठवड्यात उतरवली. हसूमलनी डोकं धरलं, मग नाइलाजानं नवी रंगवून आणली, माझ्या सांगण्याप्रमाणे: 'बाळ रडेल. रडू द्या.' धंदा बसेल म्हणाले. बसला नाही. लोकांना वाटतं यात काहीतरी शास्त्र आहे. आता मी टोचतो आणि त्या मधल्या क्षणात कडी पिळत नाही. नुसता वाट बघतो. आवाज आला की बरं वाटतं. एखादं बाळ नाहीच रडलं तर आईला डॉक्टरकडे पाठवतो. आजवर पाठवलेली सगळी पोट भरून सुस्तावलेली निघाली. बदलापूरच्या एका बालरोगतज्ज्ञांनी निरोप दिला आहे, 'तुमच्या सोनाराला सांगा, पेंगणं हा आजार नाही.' सांगोत बापडे.

चैताली आता सातवीत आहे. डाव्या पायात उंच टाचेचा खास बूट, चाल थोडी हेलकावणारी, जीभ आजीची. रोज संध्याकाळी आरशासमोर बसून ती स्वतःची तपासणी करते: तळपाय, ढोपरं, कोपरं, डोळे. लाल दिसलं की सांगायचं, सुजलं की दाखवायचं, बूट घालण्यापूर्वी झटकायचा. आंघोळीच्या पाण्याचं आणि चहाचं खातं ओमकडे आहे. बहिणीचा कप आधी त्याच्या ओठाला. तो 'हाय हाय' म्हणाला की थांबायचं. हल्ली तो गार चहालाही 'हाय हाय' म्हणतो आणि अर्धा कप संपवतो. चैतालीला ते चांगलं ठाऊक आहे. "पिऊ दे," ती म्हणते, "कामाला आहे बिचारा."

गेल्या महिन्यात ती झुमके घेऊन दुकानात आली. मावशीच्या लग्नात घालायचे होते. काउंटरवरच्या आरशात कान फिरवून बघत म्हणाली, "काका, मी रोज अख्खं अंग तपासते. प्रत्येक डाग कशाचा ते मला पाठ आहे. हा सायलेन्सर, हा इस्त्री, हा कुत्रा. पण डाव्या कानाचा हा एक कशाचा ते घरात कोणालाच माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

मी झुमक्याची फिरकी तपासत होतो. ती नीटच होती.

"जन्मखूण असेल," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली. पण आरशातून ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे टक्क उघडे.

ती जन्मखूण नाही, चैताली. ते भोक मी पाडलं. त्या वेळी तुला काहीच कळलं नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि मी सहा वर्षं गप्प बसलो. एवढी तीन वाक्यं मी तिला देणं लागतो. इथं लिहून झाली आहेत. तिच्यासमोर बसून, तोंडानं म्हणायची अजून राहिली आहेत.